हातातला क्लच

“दाजी, पाना द्या इकडं,” हिंदुराव म्हणाले. “तुमच्यानं होत नसेल तर मी काढतो.”

मी पाना दिला नाही. मांडीवर धरून तसाच खोक्यावर बसून राहिलो.

खंडेनवमीचा दिवस होता. कोल्हापूरच्या सगळ्या उद्यमनगरात एक मशीन चालू नव्हतं. एरवी आमच्या गल्लीत दोन माणसांना ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी शेडच्या पत्र्यावर कावळा चालला तरी कळत होतं. शेजारच्या इकबालच्या गॅरेजमधून उदबत्तीचा वास येत होता.

हिंदुराव माझे मेहुणे, माझ्या बायकोचे, मालाचे थोरले भाऊ. जाड अंगाचे, लवकर घाम येणारे. गाडीच्या उघड्या दारातून ते आत वाकले होते आणि पायाजवळची जागा हातानं चाचपत होते.

“इथं पेडल होतं,” ते म्हणाले. “आबांचं क्लचचं पेडल. कुठं गेलं?”

“कापलं.”

“कापलं?”

“हां.”

“आणि हे काय लावलंय?” गिअरच्या दांड्यावर मी एक मूठ बसवली होती, तिला त्यांनी बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. “हे मोटरसायकलचं लचांड?”

“क्लचच आहे. हातानं दाबायचा.”

“ते दिसतंय ओ मला. आंधळा नाही मी.” ते सरळ उभे राहिले आणि रुमालानं मान पुसली. “उद्या दसरा. उद्या आबांच्या जन्माला शंभर वर्षं पुरी होतात. ही गाडी त्यांच्या दवाखान्याच्या दारात उभी राहायची आहे. ज्यांच्या घरी आबा या गाडीतनं जायचे ती म्हातारी माणसं बघायला येणार. त्यांना हे दाखवू?”

ते चुकीचं बोलत नव्हते.

ती गाडी आबांचीच होती. आबा म्हणजे माझे सासरे, डॉक्टर सरनोबत. दोन माणसांची, वरून उघडी, बुटकी हिरवी एमजी. देश सोडून चाललेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. शर्यतीच्या घडणीची गाडी, पण आबा तीत औषधाची पेटी ठेवून बाळंतपणाला जायचे. आबा गेल्यावर ती गोठ्याशेजारी पडली. कोंबड्या आत अंडी घालायच्या. वाटणीच्या वेळी मालानं दुसरं काही मागितलं नाही. “ती गाडी द्या दादा,” एवढंच म्हणाली. हिंदुराव हसले होते. “ने बाई. कोंबड्यांसकट ने.”

आम्ही ती ट्रॉलीत घालून आणली. तळाचा पत्रा हातानं दाबला तरी तुकडे पडत होते. दारांच्या आतलं लाकूड वाळवीनं खाल्लं होतं. तेव्हा आमचं ठरलं, शॉपचं काम सांभाळून संध्याकाळी थोडं थोडं करायचं. माझं लेथचं शॉप घराच्या पुढच्या अंगाला, घर मागं, आणि त्याच्यामागं ही शेड. मी पत्रा कापायचा, बुशिंग करायची, इंजिन खोलायचं. तिनं सीटचं रेक्झिन शिवायचं, रंगाला घासायचं. आणि गाडी तयार झाली की चालवायची पण तिनंच. कारण मला गाडी चालवता येत नाही. इंजिन डोळे मिटून जोडीन, पण रस्त्यावर कधी चालवलं नाही. आमचा कास्टिंगचा टेम्पोसुद्धा मालाच चालवायची. डॉक्टरांची मुलगी टेम्पो चालवते म्हणून लोक माना वळवून बघायचे. ती त्यांना हॉर्न द्यायची.

मग तिच्या पाठीच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण डाव्या पायातली ताकद गेली ती आली नाही. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आला. टेम्पोला ड्रायव्हर ठेवला. ती म्हणाली, “क्लच दाबता येणार नाही आता. तुमची गाडी तुम्हीच चालवा.” मी म्हणालो, “क्लच पायातच पाहिजे असं कुठं आहे?”

असा तो हाताचा क्लच झाला. गिअर टाकायच्या दांड्यावरच मूठ, मुठीला दाबायचा पत्ता, म्हणजे लिव्हर, पत्त्यापासून तार खाली. एकाच हातानं दाबायचं आणि गिअर टाकायचा. मोटरसायकलचा पत्ता तिला जड जायला लागला, म्हणून मधे एक तरफ घालून हलका केला. मूठ तिच्या हाताच्या मापाची. शाडूचा गोळा करून तिच्या हातात दिला आणि म्हणालो, दाब. त्यावरून शेजारच्या फाउंड्रीत ॲल्युमिनियममध्ये ओतून आणली. तिच्या चार बोटांच्या खाचा त्यात आहेत. पेडल कापलं, कारण कॅलिपरचा पाय तिथं अडकत होता.

हे सगळं हिंदुरावांना सांगायला पाहिजे होतं. पण त्या दिवसांत मला एवढं बोलायचा कंटाळा यायचा. माला फाल्गुनात गेली होती. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी हां किंवा नाही म्हणायचो.

गाडीचं काम मात्र थांबवलं नव्हतं. हौस उरली नव्हती, पण घरात बसवत नव्हतं. दुपारी शॉप बंद केलं की शेडमध्ये यायचो. इंजिन बसवलं, चाकांच्या तारा ओढल्या, इकबालनं रंग मारला. इंजिन सुरू झालं त्या दिवशी इकबाल नाचला. मी आवाज ऐकला, तेल कुठं गळतंय का बघितलं आणि बंद केलं.

“मी सकाळपासून फिरतोय,” हिंदुराव म्हणत होते. “हा वेल्डर, तो वेल्डर. एक माणूस हत्याराला हात लावायला तयार नाही. सगळ्यांची हत्यारं पाटावर बसलीत. हा तुमचा इकबाल, ह्यालासुद्धा विचारलं. तर मला म्हणतो, सरकार, आज कटर काय, काडेपेटीबी पेटवणार न्हाई.”

“बरोबर आहे त्याचं.”

“आहे ना बरोबर. मग डोक्यात आलं. तुमच्या घरात यंदा सण नाही. माला जाऊन वर्ष व्हायचंय. तुमच्याकडं पूजा नाही, म्हणजे तुमची हत्यारं मोकळी. सबंध उद्यमनगरात आज तुमचा एकट्याचा पाना चालतो.”

ते खरंच होतं. समोरच्या फळीवर पाने, हातोड्या, कानस, मायक्रोमीटर सगळं रोजच्यासारखं पडलं होतं. दरवर्षी या दिवशी माला सगळं रॉकेलमध्ये धुऊन पुसून, पांढऱ्या फडक्यावर मांडायची.

“पेडल टाकून दिलं का?” हिंदुरावांनी विचारलं.

मी उठलो. फळीखालच्या डब्यातून पेडल काढलं. ग्रीस लावून सुती कापडात गुंडाळून ठेवलं होतं. त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कापड सोडलं. पेडलचं रबर एका बाजूनं पार झिजलं होतं. आबांना क्लचवर पाय टेकवून ठेवायची सवय होती. हिंदुराव त्या झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. ग्रीस त्यांच्या पांढऱ्या बाहीला लागलं, त्यांच्या लक्षात आलं नाही.

“आम्हाला दोघांना याच गाडीवर शिकवलं,” ते म्हणाले. “पन्हाळ्याच्या रस्त्यावर. मी क्लच सोडताना हिसका दिला की मुस्काटात. ती हिसका द्यायची तर म्हणायचे, असू दे, शिकेल.” ते थोडं हसले. मग हसू गेलं. “जोडा हे, दाजी. तासाभराचं काम आहे तुम्हाला. आणि ती मूठ काढा. फेकून द्या म्हणत नाही मी. घरात ठेवा. काचेच्या कपाटात ठेवा. देव्हाऱ्यात ठेवा. पण आबांच्या गाडीत नको.”

“राहू दे.”

“का राहू दे? तिनं एकदा तरी चालवली का ही गाडी? तेव्हा इंजिन तरी होतं का आत?”

“नव्हतं.”

“मग?”

मी पान्याकडं बघत राहिलो.

“दाजी, ज्याला त्याला सांगत बसायचं का उद्या मी? लोक म्हणणार, हे काय आहे? मी सांगायचं, माझ्या बहिणीचा पाय गेला होता, म्हणून. आबांच्या दिवशी? माला गेली. मला काय दुःख नाही होय? पण ती आता येऊन बसणार आहे का हिच्यात?”

हे ते मोठ्यानं बोलले. मुद्दाम बोलले नसतील.

त्यांनीच मग फळीवरचा दुसरा पाना घेतला आणि गाडीत वाकले. मूठ दोन बोल्टांवर बसवली होती. पहिल्या बोल्टाला त्यांनी पाना लावला. माप चुकीचं होतं. पाना घसरला आणि त्यांची बोटं आपटली. त्यांनी शिवी दिली आणि दुसरा पाना घ्यायला वळले.

तोवर मी घरात गेलो होतो.

स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या कप्प्यात मालाचा करंडा होता. फाल्गुनापासून मी त्याला हात लावला नव्हता. पितळ काळं पडलं होतं. तो घेतला, वाटीत थोडं पाणी घेतलं आणि शेडमध्ये परत आलो. फळीवर कापड नव्हतं, म्हणून खांद्यावरचा पंचा अंथरला. पाने उचलून त्यावर ठेवले. हातोडी, कानशी, ड्रिल ठेवलं. मायक्रोमीटर डबीतून काढून ठेवला.

“काय चाललंय हे?” हिंदुराव म्हणाले.

मी बोट पाण्यात बुडवलं, हळदीत टेकवलं, एकेका हत्याराला लावलं. मग कुंकू. माझं बोट जाड, टिकल्या फराटे झाल्या. माला लावायची तेव्हा एका मापाच्या गोल यायच्या.

“दाजी, वर्षाच्या आत? घरात सण धरला नसताना?”

“द्या तो,” मी हात पुढं केला. त्यांच्या हातातला पाना घेतला आणि त्यालाही कुंकू लावून पंच्यावर ठेवला. शेवटी गाडीत वाकलो आणि त्या मुठीला लावलं.

“झाली पूजा,” मी म्हणालो. “आता उद्या पूजा हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.”

हिंदुराव माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं ओरडतील. त्यांचा स्वभाव तसा होता. पण ते गाडीच्या पायरीवर मटकन बसले. पेडल अजून त्यांच्या मांडीवर होतं.

“तुम्ही माझ्यावर राग काढताय,” ते हळू म्हणाले.

“कसला राग?”

“मी आलो नाही म्हणून. तिच्या आजारपणात.”

“तुम्ही फळं पाठवत होता.”

“ड्रायव्हरच्या हातानं.” त्यांनी खाली बघितलं. “दोनदा आलो होतो. मशीनं बंद झाल्यावर. गाडी लावून दारापर्यंत आलो. आतनं तिच्या त्या लोखंडाचा आवाज ऐकू आला. खट, खट. परत गेलो. धाडस झालं नाही ओ. लहानपणी पेरूच्या झाडावर माझ्या वर चढून बसायची ती.”

मला राग नव्हता. खरं म्हणजे काहीच नव्हतं. पण ते कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

तेवढ्यात इकबाल ताटली घेऊन आत आला. चिरमुरे, फुटाणे, पेढा. “वस्ताद, प्रसाद. आता सण न्हाई म्हणून नका म्हणू, माझ्या कंप्रेसरचा हाय, तुमच्या घरचा न्हाई.” बोलता बोलता त्याचं लक्ष फळीवर गेलं. तो थांबला. ताटली खाली ठेवली.

“वहिनींचा करंडा?”

“हां.”

इकबाल म्हणाला, “माझ्या हत्यारांना दरवर्षी त्याच लावायच्या. यंदा मीच लावलंय, पण माझं मला काय पटलं न्हाई. या की तेवढं. कटरला आन् स्प्रेगनला लावा. बाकीच्यांचं चालतंय.”

मी करंडा घेऊन त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. परत आलो तर हिंदुराव फुटाणे खात बसले होते आणि मुठीकडं बघत होते.

“मग उद्या ही चालवणार कोण?” त्यांनी विचारलं. “तुम्हाला येत नाही.”

“तुम्ही.”

“आणि माझा पाय कुठं ठेवू?”

“मोकळा ठेवा.”

“दाजी, तुमच्यासारखा हट्टी माणूस आबांनी कसा पास केला कळत नाही मला,” ते म्हणाले आणि पेडल कापडात गुंडाळून माझ्याकडं दिलं.

दसऱ्याला ते सकाळीच आले. गाडीला झेंडूची माळ घेऊन आले होते. कार्यक्रम दुपारचा होता. “पुलापर्यंत जाऊन येऊ,” म्हणाले. “हाताला सवय झाली पाहिजे. लोकांसमोर बंद पडली तर माझी अब्रू जाईल.”

मी डाव्या सीटवर बसलो. ते चाकामागं बसले तेव्हा गाडी त्यांच्या बाजूला कलली. इकबालनं दोन्ही दारं लावून घेतली आणि नारळ फोडला.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. त्यांचा डावा पाय आपोआप उठायचा आणि रिकाम्या पत्र्यावर आपटायचा. हात मुठीवर तसाच राहायचा.

“पाय विसरा,” मी म्हणालो.

“पन्नास वर्षं दाबतोय, विसरा काय?”

“पायाला काही काम नाही. पत्ता दाबा. आता गिअर. आता बोटं एक एक सोडा. एकदम नाही. करंगळी आधी. मग तिच्या शेजारचं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला चालवता येत नाही म्हणता, आणि हे कुठनं शिकलात?”

“सोडा हळू.”

गाडी निघाली. गल्लीतली माणसं दारात आली. इकबाल मागं पळत होता आणि “वस्ताद, वस्ताद” ओरडत होता. गंगावेशीत रिक्षा आडवी आली तेव्हा हिंदुरावांनी पुन्हा पत्र्यावर लाथ मारली, पण या वेळी हातानंही पत्ता दाबला होता. गाडी बंद पडली नाही. “जमलं की ओ,” ते म्हणाले. कपाळावरून घाम डोळ्यांत चालला होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

शिवाजी पुलावर गर्दी होती. सणाचे टेम्पो, फुलांच्या माळा घातलेल्या मोटरसायकली. पुलापलीकडं वळवायला जागा होती, पण ते थांबेनात.

“थांबवली की परत सुरू करायला भीती वाटते,” ते म्हणाले. “पुढं एखादी मोकळी जागा बघतो.”

“जाऊ द्या पुढं.”

आंबेवाडी गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. रजपूतवाडी गेली. वारं तोंडावर येत होतं आणि बोलायचं झालं तर ओरडावं लागत होतं, म्हणून आम्ही बोललो नाही. मी तारेचा आवाज ऐकत होतो. कुठं घासत नव्हती. केर्लीत मोकळं मैदान आलं, हिंदुरावांनी माझ्याकडं बघितलं. मी हातानं पुढं म्हणून खूण केली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वाघबिळाशी आलो. तिथं रस्ता फुटतो आणि पन्हाळ्याचा घाट सुरू होतो. कडेला चहाच्या टपऱ्या आहेत.

“इथं थांबवा,” मी म्हणालो.

त्यांनी गाडी कडेला घेतली, पत्ता दाबला, न्यूट्रल केली. चावी फिरवून इंजिन बंद केलं. तेव्हा बारीकसारीक आवाज ऐकू यायला लागले. सायलेन्सर टिकटिक वाजत होता.

“इथं कशाला?” त्यांनी विचारलं.

आता सांगणं भाग होतं.

“काल तुम्ही विचारलंत, तिनं एकदा तरी चालवली का.”

“मग?”

“चालवली.”

त्यांनी मुठीकडं बघितलं.

“इंजिन फळीवर सुटं होतं,” मी सांगितलं. “गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती, चाकं पण नव्हती. मूठ बसवली त्या दिवशी ती म्हणाली, बसून बघते. मी उचलून बसवलं. कॅलिपरचा पाय त्या जागेत नीट बसला. मी शेजारी बसलो, तार कुठं घासते का ऐकायला. तिनं पत्ता दाबला, गिअर टाकला आणि म्हणाली, निघाले हां. मग पुलापर्यंत आली. म्हणजे तोंडानं. गंगावेशीत रिक्षावाल्याला शिव्या दिल्या. मला म्हणाली, म्हशी आल्या पुढं, हॉर्न द्या. मी पों केलं. म्हणाली, एवढ्यानं म्हैस हलते होय?”

हिंदुरावांच्या तोंडातून एक आवाज आला. हसल्यासारखा.

“कुठं चालली होती?”

“पन्हाळ्याला. दुसरीकडं कुठं जाणार? पण दमायची. पुलापाशी दमली की म्हणायची, आज इथं थांबवते. दुसऱ्या दिवशी पुलापासनं पुढं. असं रोज संध्याकाळी थोडं थोडं. चढाला दुसरा गिअर. करंगळी आधी सोडायची, हे तिनंच शोधून काढलं. मी टवटव आवाज काढायचो इंजिनाचा. एकदा इकबालनं दारातनं बघितलं आणि तसाच परत गेला. कधी विचारलं नाही त्यानं.”

टपरीवरचा माणूस गाडीकडं बघत होता. माळेतली फुलं वाऱ्यानं निम्मी गळली होती.

“शेवटी इथं आली,” मी म्हणालो. “म्हणाली, वाघबीळ आलं. आज चहा घेऊ आणि थांबू. घाट उद्या. मी आतनं चहा करून आणला, तिनं गाडीतच बसून घेतला. दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरनं उठता आलं नाही. त्यानंतर ती शेडमध्ये आलीच नाही.”

हिंदुरावांनी दोन्ही हात चाकावर ठेवले होते. समोर घाटाकडं बघत होते. मग त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा तोंड पुसलं.

“अहो,” त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली. “दोन चहा द्या. इथंच आणा, गाडीत.”

चहा गाडीतच घेतला. टपरीवाल्यानं ग्लास परत घेताना विचारलं, “गिअरला हे काय बसवलंय साहेब?”

मी काही म्हणायच्या आत हिंदुराव म्हणाले, “क्लच आहे. माझ्या बहिणीचा.”

मग त्यांनी चावी फिरवली. बोटं मुठीवर ठेवली, पत्ता दाबला, गिअर टाकला आणि करंगळी आधी सोडली. गाडी हिसका न देता निघाली. तेवढी एकच वेळ, नंतर ते आयुष्यभर हिसके देत राहिले. आता तेही नाहीत.

घाटात त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवली. वळणावर हॉर्न वाजवला, समोर कुणी नव्हतं तरी. बुधवार पेठेतली पोरं गाडीबरोबर थोडं पळाली. दरीच्या बाजूनं धुकं वर येत होतं आणि तटबंदी दिसायला लागली. मी कडेचा पत्रा धरून बसलो होतो. मला वाटलं होतं, पोचल्यावर काहीतरी होईल. मोकळं वाटेल किंवा रडू येईल.

पन्हाळ्याच्या नाक्याशी हिंदुरावांनी गाडी थांबवली.

“पोचलो,” मी म्हणालो.

“हां.”

रडू आलं नाही. पाठ दुखत होती. सीटची पाठ दोघांत मिळून एकच, ती मी तिच्या मापानं उंच केली होती, माझ्या पाठीला बरोबर नव्हती. फाल्गुनापासून पहिल्यांदा मला भूक लागली होती.

हिंदुरावांचा हात अजून मुठीवरच होता. त्यांची जाड बोटं खाचांत बसत नव्हती, वरवर ठेवली होती.

“केवढीशी करंगळी होती ओ तिची,” ते म्हणाले.

मी मान हलवली. मग म्हणालो, “संध्याकाळी पूजा हलवतो. उद्या पेडल जोडून देतो.”

त्यांनी खाली त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. “घाई काय आहे? आबांना आजच्या दिवस चालेल असं.” मग म्हणाले, “आणि जोडलं तरी मूठ काढायची नाही. दोन्ही राहतील ना?”

“राहतील.”

“मग झालं तर.” त्यांनी घड्याळ बघितलं आणि दचकले. “चला. लोक जमतील दवाखान्यात.” त्यांनी गाडी वळवली. घाट आता खाली उतरत होता, समोर सगळं कोल्हापूर धुक्यात होतं. ते थांबले.

“दाजी, उतरताना कुठला गिअर म्हणायची ती?”

मी आठवून बघितलं.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “उतरायचं आमचं काही बोलणं झालं नव्हतं.”